आमच्या गच्चीवरचा समुद्र

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा उरलेल्या सहांचा गोड मानून घे. मोतीबिंदू काढलेला डोळा कसा आहे? दुसऱ्याचं आता लांबणीवर टाकू नकोस. भावोजींचं ब्लडप्रेशर (आणि त्यांच्या ब्लडप्रेशरपायी तुझं) आटोक्यात असेल अशी आशा आहे. त्यांना माझा नमस्कार सांग, जरा मोठ्याने सांग, म्हणजे पोहोचेल. इकडे आम्ही सगळे खुशाल. घर जागच्या जागी आहे, माणसं जागच्या जागी आहेत, फक्त गच्चीवरून खाली येणारा पाण्याचा पाइप जागेवर नाही. तो इमारतीच्या दारात तुकडे होऊन आडवा पडला आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ओलांडताना वर आमच्या खिडकीकडे बघतो. ते कसं झालं तेच सांगायला बसले आहे. चहा घेऊन बस, पत्र लांबणार.

तुझ्या भाच्याने तुला फोन केलाच आहे. सून, दोन्ही पोरं आणि तो असे चौघं विमानाने कुठल्याशा बेटावर जाणार, निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं वगैरे, आणि तेवढे दिवस मी तुझ्याकडे. तू लगेच "अरे, जरूर पाठव" म्हणालीस, असं त्याने मला सांगितलं. (तुझा स्वभावच तसा. विचार करायला म्हणून तू कधी वेळच घेत नाहीस.) मला आनंदच झाला. मला मेलं त्या समुद्राचं काय कौतुक? एवढं पाणी, आणि ना प्यायच्या कामाचं ना धुण्याच्या. वाळू म्हणशील तर ती केसांत जाते, कानांत जाते, आणि घरी आल्यावर महिनाभर अंथरुणात निघते. त्यापेक्षा तुझ्या खिडकीशी बसून समोरच्या आगारातल्या बसगाड्या बघणं केव्हाही बरं. हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा उगाच गैरसमज व्हायला नको.

तर हे खूळ निघालं सूनबाईच्या डोक्यातून. तुला माहीतच आहे, ती कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत तक्रारी ऐकण्याच्या खात्यात आहे. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं आणि साऱ्या गावाचे मळके कपडे ऐकायचे. कुणाचं यंत्र फिरत नाही, कुणाचं थांबत नाही, एकाचं तर म्हणे घरभर चालत सुटलं आणि दार अडवून उभं राहिलं. ह्या सगळ्यांना तिने आवाज न चढवता "आपली अडचण मी पूर्णपणे समजू शकते" म्हणायचं. एका संध्याकाळी ती घरी आली, एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली, आणि दाराशीच चपलांच्या कपाटावर बसून म्हणाली की मला अशा जागी जायचंय जिथे समोर फक्त पाणी असेल आणि त्या पाण्याला तोंड नसेल. एवढंच म्हणाली. मग दुसरी चप्पल काढून पोरांना जेवायला वाढायला उठली. मला भरून आलं गं. सून झाली म्हणून काय झालं, माणूस दमतं ते दिसतंच.

आता एवढ्यावर दुसरा नवरा असता तर तिकिटं काढून मोकळा झाला असता. पण आपले चिरंजीव पडले कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी. आग लागलेली नसताना लोकांना आग लागल्यासारखं पळायला शिकवणं हा त्याचा धंदा. गळ्यात शिट्टी असते, आणि ती घरी आल्यावरही गळ्यातच असते. तालीम केल्याशिवाय संकटसुद्धा नीट येत नाही, असं त्याचं ठाम मत आहे. त्याने आधी पोरांना समुद्रातले धोके समजावून सांगितले. चित्रं दाखवली. डंख मारणारे ते बिनहाडाचे प्राणी, पाय ओढणारा प्रवाह, आणि शेवटी जबडा उघडलेला शार्क. परिणाम असा झाला की आमच्या नातीने (ही सहा वर्षांची, पण उलटतपासणी अशी घेते की आम्ही तिला वकीलबाईच म्हणतो) शार्कला माणूस आवडतो हे शार्कने कुणाला सांगितलं, असा प्रश्न बापाला टाकला. आणि धाकट्याने, म्हणजे आमच्या तीन वर्षांच्या बोक्याने, अंघोळच बंद केली. बादलीत शार्क आहे म्हणाला. मी हात घालून दाखवला, तर "तुझे हात हाडाचे आहेत, तुला तो खात नाही" हे वर ऐकवलं. ओल्या पंच्याने पोर पुसायची पाळी आली. तेव्हा चिरंजीवांनी ठरवलं की पोरांची भीती मोडायची तर सगळी सहल आधी घरातच एकदा करून बघायला हवी. दर रविवारी तालीम. अगदी विमानापासून.

पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या हॉलमध्ये दोन-दोनच्या रांगेत लागल्या. चिरंजीव वैमानिक, सून आणि पोरं प्रवासी. मग हवाई सुंदरी कोण? घरात रिकामं माणूस एकच. अक्का, साठी उलटल्यावर सुंदरी व्हायचं माझ्या नशिबात होतं ते असं. कुंड्या हलवायची ती चाकांची चौकट आहे ना आमच्याकडे, तिच्यावर चहा आणि बिस्किटं ठेवून मी दोन रांगांमधून फिरले. संकटकाळी बाहेर पडायचे मार्ग हात लांब करून दाखवले, एक स्वयंपाकघरातून आणि दुसरा न्हाणीघरातून. बोक्याने ते मनावर घेतलं. विमान ढगांत असताना कमरेला बांधलेली ओढणी सोडून तो सरळ खाली उतरला, स्वयंपाकघरात गेला, डब्यात हात घालून आला आणि पुन्हा आपल्या जागेवर बसला. वैमानिकाने शिट्टी मारली. मागच्या खुर्च्या पुढे, पुढच्या मागे असं तीनतीनदा उड्डाण झालं.

त्या खुर्च्या ओढण्याने खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर वर आले. (निवृत्त आहेत, पण ते फक्त शाळेला माहीत आहे.) दार उघडलं तेव्हा ते चांगलेच तापलेले होते. सूनबाईने सवयीने "आपली अडचण मी पूर्णपणे समजू शकते, कृपया बसून घ्या" म्हटलं, आणि ते बसले की! बसले ते नेमके खिडकीजवळच्या खुर्चीवर. वकीलबाईने त्यांच्या कमरेला ओढणी बांधली. विमान उतरेपर्यंत गृहस्थ हलले नाहीत. पुढच्या रविवारी न बोलावता मानेखालची उशी घेऊन हजर. वर्तमानपत्र नाही, चहा कोमट आहे, वैमानिक फार शिट्ट्या मारतो, अशा तक्रारी करायचे आणि मला बोलवायला खुर्चीचा दांडा वाजवायचे. मी निमूटपणे जायचे. आता तूच सांग, हे कोण, कुठले, आमच्या सहलीशी त्यांचा काय संबंध, पण त्यांनासुद्धा तिकीट काढल्यासारखी खिडकी मिळाली. मी आपली उभी ती उभीच.

मग विमानतळावरची तपासणी झाली. तिथे मी पहारेकरी. बोक्याच्या चड्डीतून टीव्हीचा रिमोट, एक चमचा आणि अर्धा बटाटा निघाला. मग हॉटेल झालं. तिथे मी आधी काउंटरवर होते आणि मग खोल्या झाडायला. (चादर चुरगळलेली आहे म्हणून पाहुण्यांनी मला बोलावून सांगितलं. पाहुणे म्हणजे वकीलबाई.) सगळं रीतसर चाललं होतं. बोका मात्र अजून पंच्यानेच पुसला जात होता, कारण पाणी काही आलेलं नव्हतं. म्हणून परवाच्या रविवारी गच्चीवर समुद्र करायचं ठरलं.

शेजारी बांधकाम चाललंय तिथून चिरंजीवाने वाळूची पोती मागून आणली. सेक्रेटरीला मुलांचा शैक्षणिक उपक्रम म्हणून सांगितलं, त्याने मान डोलावली. गच्चीच्या अर्ध्या भागात वाळू पसरली, उरलेल्या अर्ध्यात निळी चादर अंथरून पोरांचा हवा भरायचा हौद ठेवला. टाकीपासून लांबलचक नळी आणली. सूनबाई चटई टाकून आडवी झाली. हेडमास्तर छत्रीखाली खुर्ची टाकून बसले, पाय वाळूत. पोरं हातात बादल्या घेऊन तयार. आणि समुद्र कोण? बरोबर ओळखलंस. ज्या गुडघ्यांना वाळू सोसायची नाही म्हणून मला नेत नाहीत, तेच गुडघे घेऊन मी हौदापलीकडे नळी धरून उभी. साडी खोचलेली, पाय ओले, वर ऊन.

तुला म्हणून सांगते, अक्का, समुद्र व्हायला मजा येते. समुद्राला कुणी चहा मागत नाही. कुणी दांडा वाजवत नाही. आपण आपलं यायचं आणि जायचं. मी हौदातलं पाणी तांब्याने हळूच पुढे ढकलायचे, ते वाळूवर पसरायचं, पोरांच्या पायाच्या बोटांपर्यंत जायचं आणि वाळूत जिरायचं. बोका आधी हेडमास्तरांच्या मांडीवर चढून बसला होता, तो खाली उतरला. एक बोट पुढे केलं. मग पाय. आणि तेवढ्यात मी पाहिलं, सूनबाईला झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, कपाळावरची आठी गेलेली. लग्न होऊन आली तेव्हा अशी दिसायची. मग मी लाट अगदी आवाज न करता आणायला लागले. तांब्या हौदावर आपटू नये म्हणून हाताची बोटं मध्ये धरली. किती वेळ मी तशा बिनआवाजाच्या लाटा करत होते कोण जाणे, पण हात भरून आला तरी थांबावंसं वाटेना.

पण वैमानिकाला ते कुठलं रुचायला? तो तोंडातली शिट्टी काढून मला म्हणाला, "आई, लाट जिवंत वाटत नाहीये."

एवढं आयुष्य गेलं, पण जिवंत वाटत नाहीस असं मला कुणी म्हटलं नव्हतं! माझं डोकंच फिरलं. नळ पूर्ण सोडला, नळी हौदात टाकली, हौद काठोकाठ भरू दिला, आणि मग त्याचा काठ दोन्ही हातांनी धरून पायाने रेटा देऊन तो सगळाच्या सगळा उलटा केला. अगं, काय सांगू! वाळूचा किल्ला गेला, बादल्या गेल्या, चटईवर सूनबाई तरंगली, हेडमास्तर खुर्चीसकट वळून कठड्याकडे तोंड करून बसले, आणि बोका एव्हाना पोहायच्या रबरी कड्यात जाऊन बसला होता तो भोवऱ्यासारखा गरगर फिरत थेट पाणी जायच्या जाळीपर्यंत गेला. धावत जाऊन पाहते तर पोरगं हसून हसून लाल झालेलं, आणि "आजी, अजून!" म्हणून ओरडतंय. शार्क गेला तो गेला. त्या दिवसापासून त्याला बादलीतून बाहेर काढावं लागतं. सूनबाई नखशिखांत भिजून उठून बसली. मला वाटलं, आता आपलीही तक्रार नोंदवली जाणार. तर ती माझ्याकडे बघून जी हसायला लागली, ती पोट धरून हसली. मीही हसले. बापाची शिट्टी पाण्याने भरली होती, त्यामुळे तो काहीच वाजवू शकला नाही.

पाण्याबरोबर वाळू मात्र जाळीतून पाइपात गेली आणि पाइप चोंदला. वाट मिळेना म्हणून पाणी बाजूच्या फटीतून हेडमास्तरांच्या बाल्कनीत उतरलं. प्लंबर आला, पाइपाचे तुकडे केले, आणि एवढी वाळू कुणी टाकली म्हणून विचारलं. बोक्याने माझ्याकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात सांगितलं, "समुद्राने." आता जिन्यात सूचना लागली आहे की गच्चीवर समुद्रकिनारा करण्यास सक्त मनाई आहे.

ह्या सगळ्यात आणखी एक छोटीशी गोष्ट झाली, म्हणजे झाली असं काही नाही, पण सांगते. टॉवेल पिळत होतो तेव्हा वकीलबाईने बापाला विचारलं, तिकडे गेल्यावर समुद्र कोण होणार? बाप म्हणाला, तिकडे खरा आहे, आजीला एवढे कष्ट नकोत, आजीला सुट्टी. आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसला म्हणून सांगू! त्याला खरंच वाटतंय की तो मला विश्रांती देतोय. तो वाईट मुलगा नाही गं. वकीलबाई मात्र गप्प बसेना. सुट्टी म्हणजे समुद्रावर जाणं, असं बाबा तूच म्हणालास, मग आजीची सुट्टी मावशीआजीकडे कशी, हे तिने विचारलं. बापाने माझ्या गुडघ्यांचं कारण दिलं. मीही त्याचीच री ओढली, आणि दोरीवर टॉवेल टाकायच्या निमित्ताने तिकडे तोंड केलं.

तू म्हणशील, मग बोलली का नाहीस? कसं बोलणार? सून दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून येते, तिच्या गळ्यात घरातली आणखी एक घालू? आणि मुलाला म्हटलं असतं तर तो तत्काळ हो म्हणाला असता, पण कसा म्हणाला असता ते मला माहीत आहे. "अगं आई, तू आधी बोलायचंस ना," असं म्हणून शिट्टी चाचपत बसला असता. आणि मागून घेतलेल्या पानाला चव नसते. ह्यांनी लग्न झाल्यावर समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, तुला आठवत असेल. पुढे एकदा धरणावर नेलं, आणि भिंतीवर उभं करून म्हणाले, बघ, पाणी ते पाणीच. मी बघितलं. छान होतं. पण पलीकडचा काठ दिसत होता, अक्का.

असो. भावोजींना रेडिओचा आवाज जरा कमी करायला सांग, मी येतेच आहे. पोरांचे पापे, सूनबाईचा नमस्कार, मुलाचा घाईघाईतला नमस्कार. थोरांना मान, लहानांना माया आणि तुला दोन्ही.

तुझी,
धाकटी

ता. क. मुलांना उन्हासाठी मोठ्या काठाच्या टोप्या शिवल्या. थोडं कापड उरलं, म्हणून एक माझ्याही मापाची शिवून टाकली. कापड वाया घालवू नये, ही आईची शिकवण. (खरं म्हणजे कापड उरावं म्हणूनच मी जास्त आणलं होतं. पण हे तुझ्यापाशीच ठेव.)

ता. क. दुसरा. अक्का, एक काम करशील? रविवारी तुझ्या भाच्याला फोन कर आणि सांग की तू घर रंगवायला काढलंयस, सामान सगळं हॉलमध्ये आलंय, तेव्हा मला ठेवून घेणं जमायचं नाही. तू जन्मात कधी खोटं बोलली नाहीस, म्हणून तुझ्यावर पटकन विश्वास बसेल. सवय नसल्याने जीभ अडखळेल, तर आधी भावोजींना ऐकवून बघ. रंग कुठला म्हणून विचारलं तर काहीही सांग, फक्त निळा सांगू नकोस, मला हसू येईल. आता घरात मला एकटीला ठेवायचं की बरोबर न्यायचं, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे राहील, आणि तो सुरक्षा अधिकारी आहे, आईला एकटी ठेवायचा नाही. सून तर नाहीच नाही.

ता. क. शेवटचा. तो "बरं, मग आईला आमच्याबरोबरच नेतो" म्हणाला, तर मी हे तुला लिहिलं होतं हे कुणाला सांगू नकोस. आणि तसं न म्हणता आणखी कुणाकडे माझी सोय लावायला निघाला, तर तो काय म्हणाला ते मला कळवू नकोस. नुसतं एका ओळीत लिही, "रंग वाळला, ये."